एका वहीचे पुस्तक

तरसालीतील आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत संध्याकाळची आरती सर्वांची मिळून होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी झांजा सुरू झाल्या आणि शेजारच्या घरचा सात वर्षांचा मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळू लागला. मुले हसली. मोठ्यांपैकी कोणीतरी 'फार लाडावला आहे' असे पुटपुटले. आणि आम्ही, सांगावयास लाज वाटते, आमच्या नातवाला हाताला धरून मागे ओढले. मुलाची आजी त्याला घेऊन घरी गेली ती विसर्जनापर्यंत मंडपाकडे फिरकली नाही.

त्या मुलाला स्वमग्नता आहे, हे आम्हांस मागाहून कळले. शब्द कानांवरून गेलेला होता. अर्थाशी गाठ पडली नव्हती. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून वैद्यकात या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे कित्येक वर्षे तिचा दोष आईच्या कोरडेपणावर लादला गेला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी या समजुतीवर मोठा घाव घातला. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण अशाच एका मुलाचे वडीलही होते. मेंदूची घडणच जन्मतः वेगळी असते आणि आवाज, स्पर्श, उजेड यांचा मारा अशा मुलांना कित्येकदा सोसवत नाही, हे आता सर्वमान्य आहे.

एवढे वाचून आम्ही स्वतःला शहाणे समजू लागलो होतो. तोच नातवाने विचारले, "आजोबा, तो आपल्याशी बोलत का नाही? त्याला आपण आवडत नाही का?" कॅनर आणि रिमलंड यांपैकी कोणीही आमच्या मदतीस आला नाही. दहा वर्षांच्या मुलाला गोष्टच हवी असते.

आता, बडोदेकराने गोष्टीच्या पुस्तकासाठी अडून बसावे हे शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालये उभी केली, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली, आणि मुलांसाठी 'श्री सयाजी बालज्ञानमाला' काढविली. त्या पेटीत आमच्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर अर्थातच नव्हते. त्या काळी प्रश्नालाच नाव नव्हते. शोधाशोध करून या विषयावरची जी बालपुस्तके आमच्या हाती आली ती सारी इंग्रजी. रोज रात्री एकेक प्रकरण आम्ही मराठीत सांगत गेलो.

मार्क हॅडन यांची २००३ सालची मेलेल्या कुत्र्याच्या शोधाची कादंबरी सर्वांत गाजलेली. ती सुरेख आहे, पण तिच्यातला मुलगा गणितात असा तरबेज की नातवाने दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलाला पाढे विचारले! 'रेन मॅन' या १९८८ सालच्या चित्रपटापासून हा एक समज जगभर पसरला आहे, की स्वमग्न माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार. बहुसंख्य मुले तशी नसतात. त्यांच्या आईबापांना या कौतुकाचाही त्रासच होतो. सिंथिया लॉर्ड यांच्या २००६ सालच्या 'रूल्स' मध्ये बारा वर्षांची बहीण धाकट्या भावासाठी वागण्याचे नियम लिहून ठेवते. भावावर तिचा जीव आहे आणि त्याची तिला लाजही वाटते. लेखिकेचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. ती लाज तिने झाकली नाही, हे आम्हांस मोठे वाटले. मंडपातला आमचा हात आम्हांला येथे आठवला.

परंतु नातवाला खरोखर धरून ठेवले ते एल मॅक्निकोल यांच्या २०२० सालच्या 'अ काइंड ऑफ स्पार्क' ने. ही लेखिका स्वतः स्वमग्न आहे. तिची अकरा वर्षांची ॲडी स्कॉटलंडमधल्या आपल्या गावात पूर्वी चेटकिणी ठरवून मारलेल्या बायांचे स्मारक व्हावे म्हणून गावाशी भांडते. कारण त्या बाया केवळ वेगळ्या होत्या हे तिला कळते. येथे मुलीचे कोडे कोणी सोडवीत बसत नाही, तीच गावाकडे पाहते. "म्हणजे तोही आपल्याकडे बघत असेल," नातू म्हणाला.

या सुमारास शेजारच्या आजींशी आमचे बोलणे वाढले होते. त्यांचे दुःख निराळेच निघाले. मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरात एकच भाषा, तीही शाळेची इंग्रजी, बोला, असा सल्ला त्यांना कोणी दिला होता. अंगणात गुजराती, शाळेत इंग्रजी, घरात मराठी हा आपणा सर्वांचा संसार. त्यातली मराठी काढली. आजींना इंग्रजी येत नाही. नातू आधीच थोडे बोलणारा; आता आजीही गप्प झाल्या. हा सल्ला आजही पुष्कळ घरांत दिला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो : दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलांची बोलण्यातील प्रगती आणखी मागे पडते, असे या विषयावरील अभ्यासांत आढळलेले नाही. सूनबाईंनी याची तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली, आणि आजींना पुन्हा कंठ फुटला.

मग एक वही आली. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास एक पद्धत रूढ केली. मुलाला अवघड वाटणारा प्रसंग आधीच छोट्या, खऱ्या वाक्यांत गोष्टीसारखा लिहून द्यायचा. त्यात धाक नाही, उपदेश नाही. आजींनी शंभर पानी वही घेतली, पाठीवर दोरा शिवला. आमच्या नातवाने मंडप, झांजा आणि ओटा यांची चित्रे काढली. मजकूर आजींचा : आरतीत झांजा वाजतात. आवाज मोठा असतो. मला नको वाटला तर मी आजीबरोबर ओट्यावर बसतो. पाच आरत्या झाल्या की आवाज थांबतो. मग प्रसाद मिळतो.

गणपतीपूर्वी महिनाभर ही वही रोज वाचली गेली. पहिल्या संध्याकाळी दोघे ओट्यावर बसले, वही मांडीवर. आमचा नातू, कोणी न सांगता, तिसरा जाऊन बसला. मुलगा बोटांवर आरत्या मोजीत होता. पाच झाल्या. मंडळींना त्या दिवशी भक्तीचे भरते आले होते, त्यांनी सहावी सुरू केली, आणि मुलगा संतापून ताडकन उभा राहिला. आजींची धांदल उडाली. नातवाने खिशातली पेन्सिल काढली, वहीत 'पाच' वर काट मारून 'कधी पाच, कधी सहा' असे लिहिले आणि वही त्याच्यापुढे धरली. मुलाने ते दोनदा वाचले, कानांवर हात ठेवले आणि तो खाली बसला.

दुसरी आवृत्ती आजींनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आहे. नवरात्राची वही आता नातवाकडे आहे. गरब्याच्या लाउडस्पीकरचे चित्र त्याला अजून जमत नाही.