टाकी किती लिटरची ते सांगता, दूध किती वेळात निवतं ते सांगा!

गावात दूध संकलन केंद्रावर नवा कूलर आला की नारळ फुटतो, हार पडतात आणि भाषणात एकच आकडा येतो : टाकी हजार लिटरची आहे! भरलेली टाकी किती वेळात निवेल, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. दुसरबीड, बीबी, किनगाव राजा या पट्ट्यातल्या दूध उत्पादकाचा पैसा मात्र या दुसऱ्याच आकड्यावर अवलंबून आहे. दूध नासलं की भुर्दंड त्याच्याच माथी!

हिशेब काही अवघड नाही. केंद्रावर येणारं दूध साधारण 35 अंशांचं असतं, ते 4 अंशांवर न्यायचं. हजार लिटर दूध म्हणजे सुमारे 1030 किलो. एक किलो दूध एक अंशाने निववायला जेमतेम 0.93 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. 31 अंशांसाठी झाली सुमारे 30 हजार. बर्फात मोजायचं तर पावणेचारशे किलो बर्फ वितळला पाहिजे. एक टन क्षमतेचं थंडाई यंत्र तासाला 3024 किलोकॅलरी उष्णता काढतं, म्हणजे त्याला दहा तास लागतील. तीन तासांत काम हवं असेल तर साडेतीन टनांचं यंत्र पाहिजे. आणि ही क्षमता कागदावरची. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना तेच यंत्र कमी काम देतं.

दुहेरी भिंतीची टाकी असेल, भिंतींच्या पोकळीतून, म्हणजे जॅकेटमधून, बर्फाचं गार पाणी फिरत असेल, तर आणखी एक गंमत आहे. दूध आणि ते पाणी यांच्या तापमानातला फरक जसा कमी होतो तसं निवणंही मंदावतं. न्यूटनने 1701 साली मांडलेला हाच नियम. समजा पाणी 2 अंशांचं आणि दूध 35 चं. फरक 33. अर्ध्या तासात फरक निम्मा होऊन दूध साडेअठरा अंशांवर आलं, तर पुढच्या अर्ध्या तासात ते सव्वादहावर येईल, मग सहावर, मग चारावर. एकूण दोन तास. शेवटचे दोन अंश उतरवायला तेवढाच वेळ लागला, जेवढा पहिल्या साडेसोळा अंशांना! म्हणून अर्ध्या तासानंतर टाकीला हात लावून ‘झालं गार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता पाणी 2 ऐवजी 3 अंशांचं धरा. फरक 32, आणि चारावर यायला तो पाच वेळा निम्मा व्हावा लागतो. एका अंशाने अर्धा तास वाढला. पाणी फिरता फिरता स्वतःच तापत गेलं, तर वेळ त्याहून वाढतो. विहिरीचं 26 अंशांचं पाणी सोडलं तर दूध 26 च्या खाली कधीच जाणार नाही, रात्रभर फिरवा की. ढवळणारा पंखा बंद असेल, जॅकेटमध्ये क्षार साचले असतील, तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

दुसरबीडचा जिजामाता साखर कारखाना चालू होता तेव्हा तिथे ज्यांनी काम केलं, त्यांना पाण्याने निववणं म्हणजे काय हे सांगायला नको. पण कूलर खरेदीच्या वेळी त्यांना बोलावतं कोण?

वीज दोन तास गेली तर काय, हाही प्रश्न यातलाच. कोमट दुधात जंतू भराभर वाढतात, काही तर अर्ध्या तासाच्या आत दुपटीने. जनरेटर नसेल तर निदान बर्फाचा साठा करणारा कूलर घ्यावा. केंद्राने रोज दोन वेळा तापमान आणि वेळ फळ्यावर लिहावी, अशी मागणी सभासदांनी आमसभेत लावून धरावी. ‘दूध तुमच्याकडूनच खराब आलं’ असं कुणी म्हटलं तर बोट ठेवायला तो फळा असेल.

थर्मामीटरला फार खर्च येत नाही. संध्याकाळचं दूध टाकीत पडल्यावर पहिला आकडा घ्या, फरक निम्मा व्हायला किती मिनिटं लागली ते बघा, आणि गार पाणी 2 अंशांचं असेल तर त्याची चौपट करा.