वखारीतला माल, दुकानातला माल

वखारीतला सगळा माल कोणी दुकानात मांडत नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. मोबाइल हाती आला की मात्र आपण हे विसरतो. गुगल ड्राइव्हवर नोट्स, फोटो, आधारकार्ड, शेताचा उतारा, सारे काही असते. "असू दे सगळे, कधी काय लागेल कुणास ठाऊक," असे माझे कन्नड माध्यमातले मित्र म्हणतात. मला हे पटत नाही.

खानापूरच्या जंगलपट्टीत कित्येक ठिकाणी रेंज नसते. तिकडून येणाऱ्यांनी येत्या पेपरच्या नोट्स 'ऑफलाइन' करून ठेवाव्यात आणि परीक्षा संपताच ती खूण काढावी. फोनमधली जागा मोकळी होते, मूळ फाइल ड्राइव्हवर शाबूत राहते. 'डिलीट'चे तसे नाही. फाइल कचरापेटीत जाते व ३० दिवसांनी कायमची नष्ट होते. हा फरक प्रत्येकाने जाणून घ्यावा.

घरात एकच फोन चौघे हाताळत असतील, तर आधार-पासबुकाचे फोल्डर निराळ्या खात्यात ठेवावे आणि ते खाते त्या फोनवर उघडूच नये.

मित्रहो, साठा कितीही वाढो, हाताशी काय असावे याचा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायला हवा.