अंदाज कुणाचा, जोखीम कुणाची?

वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा कोरडवाहू शेतकरी मृगाच्या तोंडावर आभाळाकडे पाहतो, तसाच वेधशाळेच्या अंदाजाकडेही पाहतो. पावसाने दगा दिला की दुबार पेरणी आणि त्यासाठी पुन्हा उधारीचे बियाणे. मग वेधशाळेची टिंगल सुरू होते. राज्यकर्त्यांना ही टिंगल सोयीचीच असते, कारण तिच्या आड त्यांची जबाबदारी झाकली जाते.

'फोरकास्ट' या इंग्रजी शब्दाची कुळकथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. 'फोर' म्हणजे आधी, 'कास्ट' म्हणजे फेकणे. परंतु मध्ययुगीन इंग्रजीत 'कास्ट'चा अर्थ बेत आखणे, हिशेब मांडणे असाही होता. म्हणून 'फोरकास्ट' म्हणजे मुळात आगाऊ तजवीज. भाकिताचा अर्थ मागाहून आला. हवामानाला हा शब्द रॉबर्ट फिट्झरॉय या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने लावला. 1859 च्या वादळात 'रॉयल चार्टर' जहाज फुटून शेकडो माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉयने किनाऱ्यावर वादळाचे बावटे चढविण्याची व्यवस्था उभारली आणि 1861 मध्ये त्याचे अंदाज लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापले जाऊ लागले. हे भविष्यकथन नव्हे, असे तो बजावीत असे. बावटा पाहून नाव बंदरात ठेवता येई. अंदाजाला कृतीची जोड होती.

आपला 'अंदाज'ही फेकण्याच्याच अर्थाच्या फारसी धातूतून आला आहे. तिरंदाज, गोलंदाज त्याच गोतातले. आणि सरकारच्या जमाखर्चाला आपण म्हणतो अंदाजपत्रक!

एप्रिल 2009 मध्ये देशात सरासरीच्या 96 टक्के पावसाचा अंदाज होता. पडला 78 टक्के. विज्ञानाची मर्यादा आम्ही समजू शकतो. शिवाय देशाची सरासरी अचूक निघाली, तरी मालेगावच्या शिवारात जूनमध्ये किती पडेल, हे तिच्यावरून कळत नाही.

निसर्गच बेभरवशाचा, तेथे सरकार काय करणार, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. पाऊस किती पडेल हे विमा कंपनीलाही ठाऊक नसते. तरी जोखमीचा हिशेब मांडून ती हप्ता आधीच ठरविते. अनिश्चिततेचा हिशेब मांडता येतो, प्रश्न तो कुणाच्या हितासाठी मांडायचा एवढाच आहे. बियाणे कंपनीचे पैसे पेरणीपूर्वीच वसूल होतात, सावकाराचे व्याज पावसासाठी थांबत नाही. पावसाची वाट पाहतो तो एकटा शेतकरी.

यंदाचा अंदाज जाहीर होताच साथींनी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे आणि दुबार पेरणीसाठी राखीव बियाणे किती, कोणत्या गोदामात आणि ते कोणत्या तारखेपासून मिळणार, हे लेखी मागावे.