वायोमिंगची एलएलसी, कॅलिफोर्नियाचे ८०० डॉलर

मंडळी, शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडलं की पार्किंगमध्ये हल्ली एकच विषय. बे एरियात दुसरं घर परवडत नाही, म्हणून ओहायो नाहीतर टेक्सासमध्ये भाड्याने द्यायला एक घ्यायचं, मुलांच्या कॉलेजची सोय होईल. आणि लगेच पुढचं वाक्य: "वायोमिंगमध्ये एलएलसी काढतोय, टॅक्सपण वाचतो."

नाही हो वाचत. एकाच मालकाची एलएलसी फेडरल टॅक्ससाठी साधारणपणे नसल्यातच जमा असते. भाडं, दुरुस्ती, डिप्रिसिएशन, सगळं तुमच्याच रिटर्नमध्ये, शेड्यूल ई वर. घर स्वतःच्या नावावर असतं तरी हेच झालं असतं.

वायोमिंगची वार्षिक फी ६० डॉलरपासून, म्हणून स्वस्त वाटतं. पण भाडेकरूचे फोन तुम्ही घेता कॅलिफोर्नियात बसून, निर्णयही इथूनच. म्हणजे कंपनी इथे धंदा करते असं फ्रँचाइज टॅक्स बोर्ड धरतं आणि वर्षाला किमान ८०० डॉलर घेतं, घर तोट्यात असलं तरी. समजा हप्ता, टॅक्स, विमा जाऊन महिन्याला २०० डॉलर उरतात. मग वर्षातले चार महिने तुम्ही सॅक्रामेंटोसाठीच राबलात की!

संरक्षण मिळतं, हे खरं. भाडेकरूने केस केली तर ती सहसा तुमच्या राहत्या घरापर्यंत येत नाही. पण त्यासाठी बँक खातं वेगळं हवं, भाडेकरार कंपनीच्या नावाने हवा. कंपनीच्या कार्डावर कॉस्टकोचं सामान भरलंत की समोरचा वकील नेमकं तेच बाहेर काढणार. आणि मोडकी पायरी तुम्हीच दुरुस्त करायची टाळली असेल, तर केस थेट तुमच्यावरही होऊ शकते.

कर्जाचंही बघा. नेहमीचं ३० वर्षांचं मॉर्टगेज माणसाच्या नावावर मिळतं, कंपनीच्या नाही. नंतर घर एलएलसीच्या नावावर केलं तर ड्यू-ऑन-सेल कलमाखाली बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. "कोणी मागत नाही" म्हणतात. ३ टक्क्यांचं जुनं कर्ज असेल तर हा जुगार मी तरी खेळणार नाही.

माझं मत: पहिल्या घराला चांगला लँडलॉर्ड विमा आणि वर १० लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी. घरं तीन-चार झाली की एलएलसीचा विचार करा. मित्राबरोबर किंवा मेहुण्याबरोबर घेत असाल तर मात्र पहिल्याच घराला काढा, आणि कोणाचा हिस्सा किती, मध्येच कोणी बाहेर पडला तर काय, हे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. त्या एलएलसीचं वेगळं रिटर्न, फॉर्म १०६५, १५ मार्चपर्यंत भरावं लागतं, तेव्हा सीपीएला जानेवारीतच गाठा.