मुद्दाम केलं का हो?

फुटबॉलच्या मॅचमध्ये कुणी आडवं पडलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला. मुद्दाम केलं का?

गंमत म्हणजे साध्या फाऊलसाठी नियम हा प्रश्न विचारतच नाहीत! पूर्वी विचारायचे. "जाणूनबुजून" हा शब्द १९९५ मध्ये काढून टाकला. आता रेफरीने एवढंच बघायचं, की खेळ निष्काळजी होता, बेपर्वा होता, की त्यात नको इतका जोर होता. निष्काळजीपणाला नुसती फ्री किक, बेपर्वाईला पिवळं कार्ड, अतिजोराला लाल. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पाय कुठे पडला ते दिसतं, मनात काय होतं ते कुणाला दिसलंय?

२०२३ चा महिला वर्ल्डकप आठवतो? ७ ऑगस्टला ब्रिस्बेनमध्ये इंग्लंड विरुद्ध नायजेरिया मॅच होती. ८७व्या मिनिटाला लॉरेन जेम्स आणि मिशेल अलोझी बॉलसाठी भिडल्या आणि दोघी पडल्या. जेम्स उठली आणि तिने पाय दिला तो थेट अलोझीच्या पाठीवर. रेफरींनी आधी पिवळं कार्ड दाखवलं, मग व्हीएआरनंतर लाल.

तो प्रसंग आपण सगळ्यांनी स्लो मोशनमध्ये पाहिला. इथेच गोम आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात दिसलं, की एकच प्रसंग हळू दाखवला तर लोकांना तो जास्त मुद्दाम केलेला वाटतो. करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता असा भास होतो. प्रत्यक्षात होता तो एक क्षण.

माझं मत विचाराल तर तो पाय चुकून पडला असं मलाही वाटत नाही. लाल कार्ड योग्यच, दोन मॅचची बंदीही योग्यच. पण आमच्याकडे त्यावर जी चर्चा झाली तिचा सूर होता, "मुलगी असून अशी कशी?" अहो, २००६ च्या फायनलमध्ये झिदानने मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं तेव्हा "पुरुष असून असा कसा" असं कुणी म्हणालं का? उलट मातेराझ्झी काय बोलला असेल याचाच शोध सुरू झाला! गोल्डन बॉलही झिदानलाच मिळाला. त्याच्या रागामागे कारण असतं, आणि एकवीस वर्षांच्या जेम्सच्या रागामागे म्हणे स्वभाव!

जिच्या पाठीवर पाय पडला त्या अलोझीने काय केलं? जेम्सने जाहीर माफी मागितली, आणि अलोझीने लोकांना सांगितलं, की हा खेळच भावनांचा आहे, जेम्सबद्दल मला आदर आहे. विषय संपला.

कृतीला शिक्षा जरूर द्यावी, चांगली कडक द्यावी. पण त्या एका क्षणावरून अख्ख्या मुलीची पत्रिका मांडायला आपण कोण? तुम्हाला काय वाटतं?