पेशंटजवळ कोण थांबणार?

आपल्याकडे कुणी अ‍ॅडमिट झालं की पहिला प्रश्न हाच. मग सून रजा टाकते, भाऊ रात्री येऊन झोपतो, गावाकडून मावशीला बोलवून घेतात. विडी वळणारी बाई थांबली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, तरी ती थांबतेच.

हा थांबणारा माणूस करतो काय? स्ट्रेचर ढकलतो, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारतो, पेशंटला भरवतो, कूस बदलतो, लघवीची पिशवी रिकामी करतो. शुश्रूषेचा मोठा भार त्याच्यावरच असतो. आणि त्याला शिकवतं कोण? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही.

गोष्टी साध्या आहेत. आडवं झोपवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी कमरेच्या वर धरली तर लघवी उलटी आत जाते, जंतुसंसर्ग होतो. सांगायला पाच मिनिटं पुरतात. न सांगितल्याची किंमत महिनाभर मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, उपचार घेणाऱ्या दर १० जणांपैकी साधारण एकाला उपचारादरम्यानच काहीतरी इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळतात. पण बॅनर लावून पेशंट सुरक्षित होत नाही.

शिकवल्यानं काय होतं, ते महाराष्ट्रानंच जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं. आयांना आणि आज्यांनाही समजावून सांगितलं. इतर गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'नं हे संशोधन छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघतात, त्याचं मूळ तिथं आहे.

मग जे गडचिरोलीच्या झोपडीत जमलं, ते सोलापूरच्या वॉर्डात का जमू नये?

काही जण म्हणतील, म्हणजे सिस्टरची कामं नातेवाईकांवर ढकलायची का? अजिबात नाही. रिकामी पदं भरलीच पाहिजेत. गडचिरोलीतही बायकांना नुसतं शिकवून सोडून दिलं नव्हतं, वर देखरेख होती. पण नातेवाईक आजही ही कामं करतोच आहे. तो ती नीट करेल की अंदाजानं, एवढाच प्रश्न आहे.

मागणी छोटी आहे. सिव्हिल असो की खाजगी, प्रत्येक वॉर्डात रोज अर्धा तास नातेवाईकांसाठी ठेवा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत सांगा. शहरात मेडिकल कॉलेज आहे, नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, त्यांना यात घ्या. गोळ्या कधी द्यायच्या आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं, हे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत खरडू नका, पेशंटच्या भाषेत लिहा.

आणि आपणही गप्प बसू नये. डिस्चार्ज घेताना एवढंच म्हणा, "घरी काय करायचं ते करून दाखवा. मग मी करतो, ते बरोबर आहे का बघा."