राजाला दोन महिन्यांचं घर हवं आहे



राजा नावाच्या एका कुत्र्यासाठी बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये येत्या 30 तारखेच्या आत तात्पुरतं घर हवं आहे. कायमचं नव्हे, दोन महिन्यांपुरतं. वय अंदाजे दोन वर्षं, रंग तांबूस, अंगाने मध्यम, जात आपली गावठी. नसबंदी झाली आहे, रेबीजसह सगळ्या लशी टोचल्या आहेत. मागच्या डाव्या पायाचं हाड गाडीखाली मोडलं होतं, ते जुळलं आहे; थोडा लंगडतो, एवढंच. तो कुणाला चावलेला नाही. पण माणसाला भितो, आणि म्हणूनच अजून बिनघराचा आहे.

घाई कशासाठी?

राजा लेआउटमधल्याच एका शाळेच्या आवारात वाढला. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला उचललं तिथेच परत सोडायचं असतं. पण 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. त्यामुळे राजाचा परतीचा रस्ता बंद झाला.

निवाऱ्यांकडून तरी किती अपेक्षा ठेवायची? बेंगळुरू महापालिकेच्या 2023 च्या गणनेत शहरात सुमारे 2 लाख 79 हजार भटके कुत्रे निघाले. 2019 च्या 3 लाख 10 हजारांपेक्षा हा आकडा कमी आहे आणि त्याचं श्रेय नसबंदीच्या कामाला आहे. तरीही एवढ्या कुत्र्यांच्या शहरात निवाऱ्यासाठी धडधाकट पण भित्र्या कुत्र्याचा नंबर जखमी आणि आजारी कुत्र्यांच्या मागेच लागतो. तसा तो लागायलाही हवा.

सध्या राजाला आम्ही, म्हणजे त्याची देखभाल करणाऱ्यांनी, पैसे भरून एका बोर्डिंगमध्ये ठेवलं आहे. तिथली जागा 30 तारखेपर्यंतच आहे. शेजारच्या पिंजऱ्यांतून दिवसभर भुंकणं चालू असतं आणि हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो. ताटली पुढे सरकवली की अंग आक्रसून घेतो. खातो तो सगळे निघून गेल्यावर, दिवे मालवल्यावर. दत्तक घ्यायला आलेल्यांना त्याची फक्त पाठ दिसते. मग ते शेजारच्या पिंजऱ्यातलं शेपूट हलवणारं पिल्लू घेऊन जातात. त्यांना दोष देता येत नाही, पण पिंजऱ्यात राहून राजाची भीती जाणार नाही, हेही तितकंच खरं.

ही भीती जाईल ती घरातच. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, लिफ्टचं दार, सोफ्यावरून अचानक उठणारा माणूस, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. हे सगळं रोजचंच आहे आणि यातून आपल्याला इजा होत नाही, एवढं त्याला कळलं की तो दत्तक जाण्याजोगा झाला.

कसं घर हवं?

शांत. माणसांची फार ये-जा नसलेलं. दहा वर्षांखालची मुलं नसतील तर बरं, कारण मुलं मायेनेच कवटाळायला जातात आणि राजाला नेमकं तेच सोसत नाही. घरून काम करणारं कुणी असेल तर उत्तम. एचएसआरमध्ये अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. दिवसभर लॅपटॉपसमोर मुकाट बसलेला माणूस हा भित्र्या कुत्र्यासाठी सर्वांत चांगला शिक्षक असतो. तळमजला किंवा पहिला मजला असेल तर लिफ्टचा प्रश्न पहिल्या दिवसापासून येणार नाही. बाल्कनीला जाळी हवी.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाची संमती लेखी घ्या. सोसायटीची अडचण आली तर लक्षात असू द्या: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारा ठराव सोसायटीला बहुमतानेही करता येत नाही. शेजाऱ्यांशी मात्र आधीच बोलून घ्यावं. भांडून मिळवलेल्या घरात शांतता नसते.

तुम्ही काय करायचं?

पहिले तीन-चार दिवस जवळजवळ काहीच नाही. एका खोलीचा कोपरा, जुनी चादर, पाणी, ठरल्या वेळी जेवण. पाहुण्यांना बोलावू नका, आंघोळ घालू नका, फोटोसाठी बाहेर ओढू नका. तो पलंगाखाली गेला तर जाऊ द्या.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे: कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. माया तेवढीच असू द्या, पण राजाच्या मागे धावू नका. वाटी खाली ठेवा, तिच्यापासून चार हात दूर जमिनीवर बसा, त्याच्याकडे खांदा करून, नजर पुस्तकात. उकडलेल्या चिकनचा तुकडा अधूनमधून त्याच्या बाजूला सरकवा. तो आला तरी लगेच हात पुढे करू नका. हुंगून परत जाऊ द्या. आपण परत जाऊ शकतो हे ज्याला कळतं, तोच पुन्हा येतो.

स्पर्श शेवटी येतो, पण टिकतो तोच. आयसर कोलकाताच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रस्त्यावरच्या कुत्र्यांनी वारंवार खाऊ देणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा अंगावरून हात फिरवणाऱ्यावर जास्त विश्वास टाकला. राजा स्वतःहून टेकला की छातीवर किंवा खांद्यावर दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. आणखी हवं असेल तर तो सांगेल. डोक्यावरून हात मात्र आणू नका.

शेपूट पायांत, कान मागे, झोप आलेली नसताना जांभई, जिभेने ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं: ही सगळी ‘जरा लांब व्हा’ असं सांगायची त्याची रीत आहे. ती मानली तर गुरगुरायची वेळच येत नाही. गुरगुरला तरी ओरडू नका, मागे व्हा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो. चुकून दात लागलेच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. राजाची लस झालेली असली तरीही.

सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा आहे. सुरुवातीचे काही आठवडे पट्ट्याला एक दोरी आणि हार्नेसला दुसरी, अशा दोन दोऱ्यांशिवाय तो उंबरा ओलांडणार नाही, ही आमची एकमेव सक्तीची अट. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला कायम. फिरायला पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी, घरामागच्या गल्लीत. आगरा तलावावरची गर्दी आणि 27 व्या मेनवरची वर्दळ पुढे कधीतरी.

मग हळूहळू तयारी: ठरल्या जागी शी-शू, हार्नेस घालून घेणं, गाडीत बसणं, दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन नुसतंच परत येणं, अर्धा तास एकटं राहणं. एका वेळी एकच नवी गोष्ट. शेवटच्या टप्प्यात आठवड्यातून एखादा पाहुणा बोलावा, जो राजाकडे ढुंकूनही पाहणार नाही. आणि फोटो काढा. भिंतीकडून वळून समोर बघणाऱ्या राजाचा एक फोटो आमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त काम करेल.

आम्ही काय करू?

खाणं, औषधं, दवाखान्याचा खर्च, दोऱ्या, जाळी हे सगळं आमच्याकडे. प्रशिक्षक आठवड्यातून एकदा घरी येईल. नाही जमलं तर कळवा, दोन दिवसांत आम्ही त्याला घेऊन जाऊ. दत्तक घेणाऱ्यांची चौकशी आणि घरभेट आम्ही करू, पण शेवटचा शब्द तुमचा. दोन महिन्यांनी राजाला तुमच्याइतकं कुणीच ओळखत नसेल. दत्तक घेणाऱ्यांना जमलं नाही तर राजा आमच्याकडेच परत येईल, हे आम्ही लिहून घेतो. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

‘जीव लागेल, मग देताना त्रास होईल,’ असं बरेच जण म्हणतात. होईलच. पण तो त्रास तुमचा आणि थोड्या दिवसांचा. शिवाय तुम्ही त्याला सोडलंत तरच तुमच्या घरातली ती जागा पुढच्या कुत्र्याला मिळेल.

गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके आता दूर नाहीत. पहिला फटाका वाजेल तेव्हा राजाला लपायला ओळखीचा पलंग हवा, पिंजरा नको.

ज्यांच्याकडून हे आवाहन तुमच्यापर्यंत आलं, त्यांनाच निरोप द्या: सेक्टर, मजला, घरात कोण-कोण आणि दिवसातून किती वेळ माणूस असतं, एवढं कळवा. स्वतः ठेवू शकत नसाल तर दोन महिने शांत घर देऊ शकेल अशा एका ओळखीच्या माणसाला आजच फोन करा. 30 तारखेच्या आत आम्हाला एकच होकार हवा आहे.